प्लेट काढल्यानंतर

"एवढंसंच होतं होय हे?" भरतेश म्हणाला.

माझ्या मनगटातून काढलेली प्लेट त्याच्या हातात होती. नर्सनं ती धुऊन, स्क्रूंसकट, एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत घालून दिली होती. त्यानं डबी कानाजवळ नेऊन हलवून बघितली. मी मिरजेच्या एका हॉस्पिटलात खाटेवर पडले होते. उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये, उशीवर उंच ठेवलेला. भूल उतरलेली नव्हती, त्यामुळं तो हात माझा आहे असं वाटतच नव्हतं.

"चार दिवसांत भाकरी थापायला लागशील," तो म्हणाला आणि त्यानं घड्याळाकडं बघितलं.

भरतेश माझा धाकटा भाऊ. पुण्यात मोठ्या कंपनीत नोकरीला होता. मी सांगलीत मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. लग्न केलं नव्हतं, आणि घरात आई होती. आईला अर्धांगवायूचा झटका येऊन बरीच वर्षं झाली होती. डावी बाजू गेलेली, बोलणं जड, पण डोकं लख्ख. तिला उठवणं, बसवणं, कमोडच्या खुर्चीवर नेणं, रात्री कुशीवर वळवणं, हे सगळं मी करत होते; शाळेच्या वेळात तेवढी शेजारीण तिच्यापाशी बसायची. दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये ती माझ्या हातातून निसटली, तिला धरताना मी खाली आले आणि मनगट मोडलं. तेव्हा ही प्लेट बसवली होती. त्या वेळी भरतेश आईला पुण्याला घेऊन गेला होता. या वेळीही तोच नेणार, असं ठरलं होतं. ऑपरेशनची तारीखसुद्धा मी त्याला विचारून घेतली होती.

डॉक्टर तांबोळी राउंडला आले तेव्हा भरतेश तिथंच उभा होता. डॉक्टरांनी माझी बोटं हलवून बघितली आणि म्हणाले, "मॅडम, प्लेट निघाली म्हणजे हात मोकळा झाला असं समजू नका. स्क्रू होते तिथं आता हाडात भोकं आहेत. ती भरेपर्यंत हे हाड पहिल्यापेक्षा कच्चं. सहा आठवडे वजन उचलायचं नाही. भरलेली कळशी नाही, आणि आई तर अजिबात नाही."

भरतेशनं मान हलवली. डॉक्टर गेले तसा काहीतरी विचारायला म्हणून तो त्यांच्यामागं व्हरांड्यात गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. जरा मोकळा झाल्यासारखा. खुर्ची ओढून बसला आणि मला म्हणाला, अक्का, एक अडचण झालीय.

अडचण अशी होती की त्यानं घराचं काम काढलं होतं. सगळ्या फरश्या उकरलेल्या, घरभर सिमेंटची धूळ, आईची छाती आधीच नाजूक. तिला अशात नेणं बरोबर नाही. काम संपलं की बघू. तोवर त्यानं एका एजन्सीमार्फत बाई ठरवली होती, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा.

मी विचारलं, सहानंतर काय?

"सहानंतर आई झोपलेलीच असते ना," तो म्हणाला.

इतकी वर्षं आई माझ्याकडं होती आणि तिची रात्र कशी जाते हे तिच्या मुलाला माहीत नव्हतं. मला एवढा राग आला की भूल दिलेल्या हातातसुद्धा काहीतरी सळसळल्यासारखं झालं. पण खोलीत आणखी दोन पेशंट होते, त्यांचे नातेवाईक होते. दिवसभर शेजारीणच आईजवळ होती. संध्याकाळी त्यानं मला टॅक्सीनं घरी सोडलं, आईच्या पायाशी दहा मिनिटं बसला आणि पुण्याची बस पकडून गेला.

एजन्सीची बाई चांगली निघाली. बेबीताई तिचं नाव. अंगानं किरकोळ, पण आईच्या काखेत हात घालून तिला अशी अलगद उचलायची की आई कण्हायचीसुद्धा नाही. दिवस तिच्यामुळं बरा जायचा. मी बोटांची उघडझाप करत बसायची. बोटं सुजून गाजरासारखी झाली होती आणि अंगठ्याच्या मुळाशी बधिरपणा होता, तो जाईल म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. डाव्या हातानं दात घासायचे, डाव्या हातानं जेवायचं. साडी सोडून गाऊनवर आले होते. केस बेबीताई बांधून द्यायची. शाळेनं एका अर्जावर रजा दिली. मुख्याध्यापिका बाईंनी वर फोन करून, घाई करू नका, असंही सांगितलं. परक्या शाळेला जे कळलं ते सख्ख्या भावाला कळलं नव्हतं.

सहा वाजता बेबीताई गेली की घरात आम्ही दोघी. तिला तिच्या घरी सासू आणि दोन मुलं होती. रात्री थांब म्हणायचं तोंड मला नव्हतं. आईला रात्री उठवायचं म्हणजे मी डाव्या हातानं तिच्या पाठीला टेकू द्यायची, ती उजव्या हातानं खाटेची कड धरायची आणि आम्ही दोघी मिळून कसंबसं तिला बसतं करायचो. कमोडच्या खुर्चीवर घेणं मात्र एका हाताचं काम नव्हतं. पहिल्या रात्री मी उजवा हात पुढं केलाच. मनगटातून अशी कळ गेली की मला भिंत धरून उभं राहावं लागलं. आईनं ते बघितलं.

त्यानंतर आई मला रात्री हाक मारेनाशी झाली. मला वाटलं, औषधानं झोप लागत असेल. एका संध्याकाळी निघताना बेबीताई दारात घुटमळली आणि म्हणाली, "बाई, आजी दुपारपास्नं पाणी पीत नाहीत. मी दिलं तर तोंड मिटतात. चहा पण नको म्हणत्यात."

मी आत गेले. आईच्या उशाशी तांब्या भरलेला होता, फुलपात्र पालथं. मी विचारलं तर आई म्हणाली, तहान नाही. एप्रिल होता. सांगलीचा एप्रिल.

मी तेव्हाच भरतेशला फोन लावला. त्याला सगळं सांगितलं. आई रात्री उठावं लागू नये म्हणून पाणी प्यायची थांबलीय, हे सांगताना माझा आवाज चढला होता. मी म्हटलं, फरश्या राहू देत, एका खोलीत ठेव तिला, दार बंद ठेव, पण घेऊन जा. तो मला समजावत राहिला. फरशीवाला पळून गेलाय, प्लंबर येत नाही, असं काय काय. मी ऐकत नाही म्हटल्यावर शेवटी त्याचा स्वर बदलला.

"अक्का, मागच्या वेळी हाड मोडलं होतं, म्हणून मी आईला नेलं. आता काय मोडलंय?"

मी फोन ठेवून दिला.

टाके निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी ओट्याशी डाव्या हातानं दूध तापवत होते. आतून काहीतरी घसरल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर आई खाटेवरून खाली. एकटीनं उठून खुर्चीपर्यंत जायचा प्रयत्न केला असणार. पाठ खाटेच्या पायाला टेकलेली, पाय पुढं पसरलेले, आणि खालची फरशी ओली. मी धावत जाऊन वाकले तेवढ्यात ती जड जिभेनं पण स्पष्ट म्हणाली, "हात लावू नकोस."

"लागलं का कुठं?"

"नाही. तू हात लावू नकोस."

मी तिच्या अंगावर चादर टाकली आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले. दूध उतू जाऊन करपल्याचा वास येत होता, तरी मी उठले नाही. बेबीताई यायला अजून वेळ होता. ज्या बाईनं आयुष्यभर कुणापुढं डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, ती माझी आई, ओल्या फरशीवर माझ्याकडं न बघता बसून राहिली होती. तिनं एकदाच माझ्या बँडेजवर तिचा उजवा हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मला वाटतं, तेवढं वजनसुद्धा मला नको व्हावं म्हणून.

बेबीताई आली. तिनं आईला उचललं, आंघोळ घातली, धुतलेलं लुगडं नेसवलं. मी तिला म्हटलं, "बेबीताई, आज पुण्याला याल का माझ्याबरोबर? रात्री परत आणून सोडते."

तिनं घरी फोन करून विचारलं आणि हो म्हणाली. कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याला बोलावलं. आईच्या औषधांची पिशवी, तिचे कपडे, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, तिची जपमाळ, सगळं गाडीत घातलं. भरतेशला मी कळवलं नाही. आईला विचारलं, पुण्याला नेऊ का? तिनं डोळे मिटले आणि मानेनंच हो म्हटलं. वाटेत कराडला थांबलो तेव्हा ती दोन पेले पाणी मागून प्यायली.

दुपार कलल्यावर पोचलो. भरतेशची बिल्डिंग मोठी, लिफ्ट होती. दार सुनीतीनं उघडलं, भरतेशच्या बायकोनं. तिच्या हातात लाटणं होतं. व्हीलचेअरमधल्या आईला बघून ती आधी गोंधळली, मग वाकून पाया पडली आणि आम्हाला आत घेतलं.

आत सगळ्या फरश्या जिथल्या तिथं होत्या. पांढऱ्या, नुकत्या पुसलेल्या. धुळीचा कण नव्हता.

मी सुनीतीला विचारलं, काम झालं होय घराचं?

"कसलं काम?" ती म्हणाली.

भरतेश बेडरूममधून बाहेर आला. आम्हाला बघून जागीच थांबला. मी त्याला काही बोलायच्या आत सुनीतीच बोलली. तिचा आवाज शांत होता, पण तिनं त्याच्यावरची नजर काढली नाही. "तुम्ही तर मला सांगितलंत की अक्काच नको म्हणाल्या. आईंना प्रवास झेपणार नाही म्हणाल्या."

म्हणजे मला फरश्यांचं सांगितलं होतं आणि बायकोला माझं. मी त्या स्वच्छ फरशीकडं बघत उभी होते. सकाळची ओली फरशी माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती. मी त्याला तिथंच सांगितलं, आई आज सकाळी कशी पडली, किती वेळ तशी बसली, का पडली. गाडीवाला सामान घेऊन दारात उभा होता, बेबीताई होती. मला कुणाचीही लाज वाटली नाही.

भरतेशला वाटली. त्यानं दार लोटून घेतलं आणि चिडून म्हणाला, "आता मलाही बोलायला लावू नकोस. मी डॉक्टरांना त्या दिवशी बाहेर गाठून विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, प्लेट काढायची काही गरज नव्हती. जन्मभर राहिली असती तरी चाललं असतं. तूच मागं लागलीस. तुझ्या हौसेनं केलेल्या ऑपरेशनसाठी मी का धावपळ करायची?"

सुनीतीनं माझ्याकडं बघितलं.

ते खरं होतं. जानेवारीत मी नेहमीच्या तपासणीला गेले होते. डॉक्टर तांबोळींनी एक्स-रे लावून दाखवला, म्हणाले हाड छान जुळलंय, प्लेट त्रास देत नसेल तर राहू द्या, काढायची असेल तर काढूही शकतो, तुमची मर्जी. मी उठायला निघाले होते. मग परत बसले. मी विचारलं, डॉक्टर, काढली तर किती दिवस वजन उचलायचं नाही? ते म्हणाले, सहा आठवडे तरी. मी म्हटलं, मग काढा.

हात मोडला होता तेव्हा आई पुण्याला गेली होती ना, त्या दिवसांत मी पहिल्यांदा रात्रभर झोपले होते. प्लास्टरमधला हात ठणकत होता, तरी झोपले होते. सकाळी जाग आल्यावर अंथरुणात पडून राहिले होते. एका मैत्रिणीकडं जेवायला गेले होते. त्यानंतरची दोन वर्षं मी भरतेशला विचारत होते. दिवाळीत ने, मे महिन्यात ने, पंधरा दिवस ने. दर वेळी काहीतरी निघायचं. माझं काही मोडल्याशिवाय त्याच्या घरात आईला जागा नव्हती.

मी हे सगळं तेव्हा बोलले नाही. एवढंच म्हणाले, "होय. गरज नव्हती. सहा आठवडे मिळावेत म्हणून मी बरा झालेला हात कापून घेतला. सरळ मागितले तेव्हा तू दिलेस का?"

"म्हणजे खोटं बोललीस."

"खोटं काय बोलले? हाडाला भोकं आहेत ती खरी आहेत. हवं तर एक्स-रे बघ. कष्ट करून दमले, एवढं बोलून या घरात काही मिळत असतं, तर भोकं पाडून घ्यायची वेळ आली नसती."

तो काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात व्हीलचेअरमधून आईचा आवाज आला. एकेक शब्द सोडवत ती म्हणाली, "माझी खोली कुठली?"

प्रश्न तिनं सुनीतीला विचारला होता, मुलाला नाही. सुनीती पुढं आली, म्हणाली, या आई, आणि खुर्ची ढकलत तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. जाता जाता भरतेशला म्हणाली, दिवस मावळायच्या आत आईंचं जेवण व्हायला हवं, तुम्ही पोळ्यांखालचा गॅस बंद करा आधी. आम्ही जैन, आई दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नाही, हे तिच्या लक्षात होतं.

निघताना मी आईपाशी गेले. बेबीताई तिला तिथल्या खाटेवर ठीक बसवून बाहेर थांबली होती. मला आईला काहीतरी सांगायचं होतं. तुझ्यापासून सुटण्यासाठी मी हात कापून घेतला, हे तिनं माझ्याच तोंडून, सगळ्यांसमोर ऐकलं होतं. तिनंच माझा डावा हात धरला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"मी होते की तिथं. डॉक्टरकडं."

होती. शाळेच्या वेळेबाहेर घरी बघायला कुणी नसायचं म्हणून तपासणीला मी तिला बरोबरच न्यायची. खोलीच्या कोपऱ्यात ती खुर्चीत बसलेली होती आणि मी तिला जमेतच धरलं नव्हतं.

"तू विचारलंस, किती दिवस. तेव्हाच कळलं मला." थोडा दम घेऊन ती म्हणाली, "बरं केलंस. जा आता. अंधार व्हायच्या आत नीघ."

गाडीत मी साताऱ्यापर्यंत रडत होते.

त्यानंतरचे दिवस मी हाताला दिले. गरम पाण्यात मनगट बुडवून वर-खाली वळवायचं, स्पंजचा चेंडू दाबायचा, तळवा आभाळाकडं करायचा आणि परत जमिनीकडं. आधी तळवा निम्म्यावरच अडायचा, मग हळूहळू पूर्ण वळायला लागला. बधिरपणा गेला. मी झोपले, मनसोक्त झोपले. सुनीती एक दिवसाआड फोन करून आईशी बोलणं करून द्यायची. भरतेश फोनवर यायचा नाही.

सहा आठवडे झाल्यावर मिरजेला गेले. डॉक्टर तांबोळींनी नवा एक्स-रे प्रकाशासमोर धरला आणि म्हणाले, भोकं भरत आली, आता हळूहळू सगळी कामं सुरू करा, हात चांगला आहे. घरी पोचते तोवर भरतेशचा फोन. त्यानं तारीख बरोबर लक्षात ठेवली होती.

"काय म्हणाले डॉक्टर?"

मी म्हटलं, हात बरा झाला.

"मग शनिवारी येतेस का आईला न्यायला? की मी आणून सोडू?"

खरं सांगते, सवयीनं मी हो म्हणणार होते. कारण तर संपलं होतं. एक्स-रेमध्ये आता दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि मग मला तीच गोष्ट सहन होईना, की मला कारण लागतं आणि त्याला लागत नाही.

"नाही," मी म्हणाले. "दिवाळीनंतर नेईन. पुढच्या वर्षी मे महिन्यात परत तुझ्याकडं आणून सोडीन. आता असंच."

"पण हात बरा झाला ना?"

"झाला."

"मग आता काय होतंय तुला?"

"काही होत नाही. मी ठणठणीत आहे. तुझीही आई आहे, म्हणून."

फोन ठेवतो की काय असं वाटलं. मग तो वेगळ्याच आवाजात, जरा अडखळत म्हणाला की सुनीती उद्यापासून चार दिवस तिच्या वडिलांकडं कोल्हापूरला चाललीय, तिचं आजवर राहून गेलंय. दिवसा बाई आहे. पण रात्री आईला कुशीवर वळवायचं ते अजून त्याला जमत नाही.

म्हणजे एवढे दिवस त्याच्या घरातसुद्धा ते सुनीतीच करत होती. माझ्या तोंडावर आलं होतं बोलायचं. पण पलीकडून तो खरंच विचारत होता.

"आता तिच्या खोलीत आहेस का?" मी विचारलं.

"हो."

"फोन खाटेवर ठेव, स्पीकरवर. आधी तिचा पलीकडचा गुडघा वाकव. मग एक हात खांद्यामागं घाल, एक कमरेखाली. ओढायचं नाही. आपण मागं झुकायचं, ती आपोआप येते."

फोन ठेवल्याचा आवाज आला. खाट करकरली. भरतेशचा श्वास ऐकू येत होता, आणि मग आईचा जड आवाज, जरा रागावलेला.

"हळू रे. हळू."